पिशवीतली दोन वजने



दर रविवारी पवित्र मिस्सामध्ये आपण दोन वाचने आणि शुभवर्तमान ऐकतो. शब्द आपल्याच मराठीत असतात, कानांवर स्वच्छ पडतात. तरीही त्यानंतर धर्मगुरू प्रवचन करतात. त्याचे कारण उघड आहे. शब्द ऐकू येणे आणि शब्दाचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्री आणि परुशी यांना नियमशास्त्र तोंडपाठ होते. शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसे मोडली, तेव्हा त्यांनी लगेच नियमावर बोट ठेवले. प्रभू येशूने नियम नाकारला नाही. तो नियम मुळात कोणासाठी दिला गेला, याची त्याने त्यांना आठवण करून दिली (मार्क २:२३-२८).

देशाच्या राज्यघटनेलाही हाच प्रश्न विचारावा लागतो. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. ज्यांनी तिचे शब्द पारखून लिहिले, ते आज आपल्यात नाहीत. शब्द मात्र आहेत आणि त्यांवर आपले रोजचे जगणे उभे आहे. मग त्यांचा अर्थ लावायचा कसा?

सर्वसाधारणपणे तीन वाटा सांगितल्या जातात. पहिली अक्षराची वाट: कलमात जे लिहिले आहे तेवढेच वाचावे, पदरचे काही घालू नये. दुसरी हेतूची वाट: ज्यांनी ते लिहिले त्यांच्या मनात काय होते ते शोधावे. तिसरी आत्म्याची वाट: राज्यघटना हा जिवंत दस्तऐवज आहे, म्हणून एकेक कलम सुटे न वाचता संपूर्ण घटनेच्या मूल्यांच्या प्रकाशात आणि बदललेल्या काळाच्या संदर्भात वाचावे. हा वाद केवळ वकिलांचा आहे असे आपल्याला वाटेल. पण एका शब्दाची कहाणी पाहिली, तर तो आपल्या किती जवळचा आहे हे ध्यानात येईल.

एका शब्दाची कहाणी

तो शब्द आहे 'प्रसार'. मूळ इंग्रजी मसुद्यातला शब्द 'प्रॉपगेट'. राज्यघटनेचे २५ वे कलम सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते. आपला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्कही देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादा त्याच कलमात घातलेल्या आहेत.

ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशने १९६८ साली बळजबरीने, फसवणुकीने किंवा प्रलोभन दाखवून केलेल्या धर्मांतरावर बंदी घालणारे कायदे केले. 'प्रलोभन' म्हणजे नेमके काय, याच्या व्याख्या इतक्या सैल होत्या की सेवाकार्यही त्यात ओढले जाईल, अशी भीती होती. ओरिसाच्या उच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तेथील कायदा रद्द केला. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने १९७४ मध्ये आपल्या राज्यातला कायदा वैध ठरवला. अखेर रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १७ जानेवारी १९७७ रोजी दोन्ही कायदे कायम केले.

सरन्यायाधीश ए. एन. रे यांनी 'प्रॉपगेट' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहिला. आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून ती पसरवणे, इतकाच त्याचा अर्थ आहे. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे त्यांनी ठरवले. कोणी हेतुपुरस्सर दुसऱ्याचे धर्मांतर घडवू लागला, तर समोरच्याच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यावर आघात होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

ही अक्षराची वाट झाली. ती सरसकट अप्रामाणिक आहे असे आपण म्हणू शकत नाही. कलमात 'धर्मांतर' हा शब्द खरोखरच नाही.

आता हेतूची वाट पाहू. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. लोकनाथ मिश्रा यांनी 'प्रसार' या शब्दाला कडाडून विरोध केला. ताजामुल हुसेन यांच्या मते धर्म ही खाजगी बाब होती, तिचा प्रसार कशाला? उलट बाजूने पंडित लक्ष्मीकांत मैत्र बोलले. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सांगितले की, आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांमध्ये शिकलो, पण आपले धर्मांतर करण्याचा कोणी प्रयत्न केला नाही. कन्हैयालाल मुन्शी यांनी स्पष्ट केले की, ख्रिस्ती समाजाने या शब्दाचा आग्रह धरला आहे तो आक्रमकपणे धर्मांतरे करण्यासाठी नव्हे. प्रसार हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे. शिवाय हा शब्द नसता, तरी भाषणस्वातंत्र्याच्या आधारे कोणालाही दुसऱ्याचे मन वळवता आलेच असते, असेही ते म्हणाले. विरोधाच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या आणि शब्द राहिला. म्हणजे त्या सभागृहात बसलेल्यांना, बाजूच्यांना आणि विरोधकांनाही, या शब्दात काय काय येते याची पूर्ण कल्पना होती. मुंबईचे थोर घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी १९७७ च्या निकालावर नेमकी हीच टीका केली. या चर्चेकडे न्यायालयाने पाहिले नाही, निकाल चुकीचा आहे आणि तो बदलला पाहिजे, असे त्यांनी आपल्या ग्रंथात लिहिले.

आपल्या महाराष्ट्रातला आणखी एक पुरावा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि तेथे जमलेल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी राज्यघटना अमलात आल्यानंतर सात वर्षांच्या आत हे उघड्या मैदानावर केले. दुसऱ्याचे मन वळवून त्याला आपल्या श्रद्धेत बोलावणे हाच जर त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर घाला असेल, तर त्या दिवसाला काय म्हणायचे? ते लोक आपल्या मर्जीने आले होते. त्यांनी ऐकले, विचार केला आणि निवड केली. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य याहून वेगळे काय असते?

तिसरी वाट आत्म्याची. १९५० मध्ये ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ वे कलम अक्षरशः वाचले: कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती पाळली की झाले, मग ती कशीही असो. १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत मानला. हा शब्द घटनेत कोठेही लिहिलेला नाही. २०१८ मध्ये केरळातील एका तरुणीच्या विवाहाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, आपली श्रद्धा निवडणे हा व्यक्तीच्या अस्तित्वाचाच भाग आहे. या वाटेने चालले, तर १९७७ चा निकाल अपुरा वाटू लागतो. तरी तो निकाल मागे पडलेला नाही. त्यानंतर उत्तर प्रदेश (२०२१), हरियाणा (२०२२) आणि राजस्थान (२०२५) अशा राज्यांनी अधिक कडक कायदे केले.

आपण वाट कशी निवडतो?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग उत्तर सोपे आहे. अक्षराची वाट वाईट आणि बाकी दोन चांगल्या. पण जरा थांबू या.

कलम २५ चा विषय निघाला की आपण घटनाकारांचा हेतू दाखवतो. कलम ३० चा विषय निघाला, म्हणजे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क, की आपण अक्षरावर बोट ठेवतो: 'पसंतीच्या' असे लिहिले आहे ना, मग सरकारने मध्ये पडू नये. दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न आला की आपण समतेच्या आत्म्याला साद घालतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचे अक्षर तेथे आपल्या विरुद्ध जाते. अनुसूचित जातींचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, पण ख्रिस्ती दलितांना त्या दुरुस्त्यांत स्थान मिळाले नाही.

या तिन्ही ठिकाणी आपले म्हणणे बरोबर असू शकते. माझ्या मते बऱ्याच अंशी ते बरोबर आहेही. पण निकाल आधी ठरवायचा आणि त्याला सोयीची वाट नंतर निवडायची, ही सवय धोक्याची आहे. ती फक्त आपल्यालाच आहे असे मुळीच नाही. आपल्या विरोधकांनाही ती आहे, सरकारांनाही आहे. मात्र आपल्या कानी पवित्र शास्त्राची एक जुनी आज्ञा पडलेली आहे. पिशवीत दोन प्रकारची वजने बाळगू नयेत, एक जड आणि एक हलके. वजन एकच आणि खरे असावे, असे देवाने आपल्या लोकांना बजावले (अनुवाद २५:१३-१५). बाजारात माल घेताना जड वजन आणि विकताना हलके, हा लबाडीचा धंदा सर्वांना ठाऊक आहे. शब्दांच्या बाजारातही तो चालतो.

न्यायमूर्तींना तिन्ही वाटांचा उपयोग करावा लागतो. अक्षर टाकून दिले तर न्यायाधीशाच्या लहरीला लगाम राहत नाही. हेतू टाकला तर शब्दाची मुळेच तुटतात. आत्मा टाकला तर परुश्यांचे शब्बाथ पालन उरते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही बायबल वाचताना लेखकाला काय सांगायचे होते ते शोधा आणि संपूर्ण पवित्र शास्त्राची एकसंधता ध्यानात ठेवा, असेच शिकवले आहे. म्हणून खरी परीक्षा कोणती वाट घेतली ही नाही. माझ्या जागी ज्याची मते मला पटत नाहीत असा माणूस उभा असता, तर मी हाच अर्थ मान्य केला असता का, ही खरी परीक्षा आहे. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपणही वागावे, ही प्रभूची शिकवण (मत्तय ७:१२) कलम वाचतानाही लागू पडते.

ती परीक्षा आपल्याला जमते का?

केरळातील यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना १९८५ मध्ये शाळेतून काढून टाकण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. आपली श्रद्धा त्याला परवानगी देत नाही, असे ती म्हणत. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचे शब्द तपासले आणि त्यात कोणत्याही धर्माला आक्षेपार्ह काही नाही असे म्हटले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल खटल्यात मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. ती श्रद्धा इतरांना पटते का, हा प्रश्न नाही. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, एवढाच प्रश्न आहे. आणि राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कोणताही कायदा नाही, नुसत्या परिपत्रकाने मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. पहा, येथे अक्षराचा काटेकोरपणाच दुबळ्याच्या उपयोगी पडला.

हा पंथ पवित्र त्रैक्य मानत नाही. त्याचे लोक आपल्या दारावर येतात तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना ते आवडत नाही. दार बंद करण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण त्यांना येण्याचा आणि बोलण्याचा हक्क नाही असे जर आपल्याला वाटत असेल, तर 'प्रसार' या शब्दाचा आपला अर्थ शब्दकोशापेक्षाही तोकडा झाला. कलम २५ मध्ये 'प्रसार' या शब्दाच्या आधी आणखी एक गोष्ट लिहिली आहे, जी आपण वाचताना ओलांडून जातो: सर्व व्यक्ती या हक्काला *सारख्याच* पात्र आहेत.

ख्रिस्तसभेलाही हा धडा काळाच्या ओघात शिकावा लागला आहे. परिषदेपूर्वी कित्येक कॅथलिक विचारवंत असे शिकवत की, आपण थोडे आहोत तेथे आपल्याला पूर्ण स्वातंत्र्य मिळावे, पण कॅथलिक बहुसंख्य आहेत तेथे राज्याने इतर पंथांना आवर घालावा. स्पेनमध्ये १९४५ च्या कायद्यानुसार कॅथलिक उपासनेशिवाय इतर कोणताही धर्मविधी जाहीरपणे करण्याची परवानगी नव्हती. ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप पॉल सहावे यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने ही दोन वजने मोडली. हे स्वातंत्र्य माणसाच्या प्रतिष्ठेतून येते, म्हणून ते प्रत्येकाचे आहे, असे परिषदेने सांगितले. स्पेनने १९६७ मध्ये आपला कायदा बदलला. त्याच जाहीरनाम्यात परिषदेने आपल्यालाही बंधन घातले आहे: श्रद्धेचा प्रसार करताना दडपण, अप्रामाणिक किंवा अनुचित मार्ग, विशेषतः गरीब आणि अशिक्षित माणसांच्या बाबतीत, कटाक्षाने टाळावेत. प्रलोभनाविरुद्धचे कायदे आपल्याला जाचक वाटतात आणि त्यांचा दुरुपयोग झाला की त्याविरुद्ध उभे राहिलेच पाहिजे. पण प्रलोभन वाईट आहे हे आपल्याला कोणत्याही विधानसभेने शिकवायची गरज नाही. ते आपल्या घरचेच शिक्षण आहे.

दुसरी परीक्षा आपल्या शाळांची. केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगितले की, संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना देण्यास सांगितले. २०१४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो विषय सरन्यायाधीशांकडे सोपवला.

न्यायालय जे ठरवायचे ते ठरवेल. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. सरकारी हस्तक्षेपापासून संस्थेचे रक्षण व्हावे यासाठी कलम ३० आहे, हे खरे. पण ज्या सभेने खेड्यापाड्यांत, अक्षरशत्रू मानल्या गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, तिने या सवलतीचा अर्थ 'गरिबाच्या मुलाला दार बंद' असा लावावा का? कायदा सक्ती करत नाही तेथे आपण स्वतःहून किती जागा ठेवतो? अक्षराने सुटका दिली, पण आत्म्याने दिली का?

थोड्यांनीच का जपावे?

कोणी म्हणेल, "आपण आधीच मूठभर. प्रार्थनासभांवर हल्ले होतात, धर्मगुरूंवर आणि सिस्टर्सवर खटले भरले जातात. अशा वेळी स्वतःचीच झडती कशाला? बलवान तर कोणतेही वजन वापरतात." हा आक्षेप खोटा नाही, त्यामागे दुःख आहे. पण नीट विचार करा. बलवानाला खरा तराजू नसला तरी चालते. त्याच्याकडे संख्या असते, सत्ता असते. थोड्यांकडे तराजूशिवाय दुसरे काही नसते. आपणच एका बाजूला बोट लावले, तर उद्या दुसऱ्याने लावले तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करणार? घटना समितीत ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव मतदारसंघांचा आग्रह सोडून दिला होता. डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी, फादर जेरोम डिसूझा अशा व्यक्ती तेथे होत्या. बहुसंख्यांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी विश्वास टाकला. तो विश्वास मागण्याचा आपल्याला हक्क आहे, पण तो आपणही इतरांना दिला तरच.

संत पौल अक्षर आणि आत्मा यांतला फरक सांगतो (२ करिंथ ३:६), तो जबाबदारीतून पळवाट काढण्यासाठी नाही. आत्म्याने वाचणे हे अक्षराने वाचण्यापेक्षा अधिक कठीण आहे, कारण त्यात आपण स्वतःही तपासले जातो.

म्हणून एक छोटी सूचना. आपल्या विभागातील पुढच्या लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत बायबलच्या वाचनानंतर कलम २५ मोठ्याने वाचा. पहिल्यांदा वाचताना मनात आपल्या धर्मग्रामातील माणसे आणा. दुसऱ्यांदा वाचताना गल्लीतल्या मुस्लिम कुटुंबाला, शेजारच्या बौद्ध वाडीला, दारावर पुस्तिका घेऊन येणाऱ्या त्या दोघांना आणि देवावर विश्वास नसलेल्या एखाद्या नातेवाइकालाही आणा. दोन्ही वेळा कलमाचा अर्थ तेवढाच रुंद राहिला का, यावर मोकळेपणाने बोला. मतभेद झाले तरी हरकत नाही.

न्यायाचा प्रभू आपल्याला आपले हक्क मागण्याचे धैर्य देवो आणि ते मागताना शेजाऱ्याचे माप कमी न करण्याची बुद्धीही देवो.